गरम झाल्यावर बंद पडणारं इंजिन : करंट नेमका कुठे अडतो?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय जुन्या आउटबोर्ड इंजिनाच्या इग्निशनचा. सुरुवात मामाच्या होडीपासून करतो. दाभोळच्या खाडीत त्याची एक लहान होडी आहे, तिच्यावर दोन सिलिंडरचं, पॉइंटवालं, पन्नास वर्षांचं जुनं इंजिन. किनाऱ्यावर दुसऱ्या दोरीला सुरू व्हायचं. खाडीत वीसेक मिनिटं चाललं की मलूल व्हायचं आणि बंद. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू! मामानं प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला. मेकॅनिक म्हणाला, "प्लगला करंट मस्त आहे." आणि खरंच होता, कारण तो सकाळी थंड इंजिनावर बघत होता.

मग एकदा ओहोटीच्या वेळी ते खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. पाणी बाहेर ओढतंय, समोर लाटा फुटतायत. नांगर धरला म्हणून निभावलं, नंतर दुसऱ्या होडीनं ओढून आणलं. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "मामा, आता अंदाजानं एकही पार्ट आणायचा नाही. इंजिन ज्या अवस्थेत बंद पडतं, त्याच अवस्थेत तपासायचं." आजच्या भागाचं सार एवढंच आहे.

करंट तयार कसा होतो?

या इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमध्ये चुंबक असतात. ते कॉइलवरून फिरले की कॉइलच्या आतल्या, कमी वेढ्यांच्या तारेत प्रवाह वाहतो. तेव्हा पॉइंट मिटलेले असतात. नेमक्या क्षणी कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बाहेरच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट तयार होतात. ते प्लगवर उडी मारतात. कंडेन्सरचं काम पॉइंटवर ठिणगी पडू न देण्याचं. तो बिघडला की प्रवाह झटकन तुटत नाही, प्लगची ठिणगी पिवळी, मरगळलेली होते आणि पॉइंट जळतात. जुन्या स्कूटरचे पॉइंट ज्यांनी घासलेत, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

मग गरम झाल्यावरच का बिघडतं? जुन्या कॉइलच्या आवरणाला तडे जातात, आत ओल आणि खार शिरतो. तापल्यावर तार प्रसरण पावते, आतलं इन्सुलेशन दाब सोसत नाही, करंट आतल्या आत पळतो. थंड झालं की पुन्हा ठीक. म्हणून मीटरवर रेझिस्टन्स बरोबर आला तरी कॉइल चांगली आहे असं समजू नका. मीटर थंड कॉइलला जेमतेम बॅटरीइतका व्होल्टेज देतो.

तपासायचं कसं?

होडी धक्क्याला घट्ट बांधा किंवा इंजिन पाण्याच्या पिंपात लावा. कोरडं चालवू नका, पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. बंद पडेपर्यंत चालवा. बंद पडल्या पडल्या पेट्रोलची नळी काढा, दोन्ही प्लग काढा आणि दोन्ही वायरींना ठिणगीचा टेस्टर लावून तो इंजिनाच्या बॉडीला पक्का जोडा. फट साधारण सहा मिलिमीटर ठेवा. टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब हवा, दोरी ओढली की तिथून पेट्रोलची वाफ येते. वायर हातात धरू नका. आणि हे दोन मिनिटांत उरका. चहा पिऊन आलात तर पुरावा गेला!

आता निकाल वाचा.

दोन्हीकडे निळी, कडकडीत ठिणगी? मग दोष इग्निशनचा नाही. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बघा, पेट्रोल पंप बघा.

दोन्हीकडे काहीच नाही? मग दोघांना सामाईक असलेली गोष्ट आधी धरा. स्टॉप बटण असेल तर त्याची वायर सोडा. ते बटण करंट बॉडीला जोडूनच इंजिन बंद करतं, खारानं आत गंज चढला की आपोआप जोडतं. वायर सोडून ठिणगी आली तर बटण बदला, विषय संपला. (वायर सोडलेली असताना इंजिन चोक ओढून बंद करायचं.)

एकाच बाजूला नाही? मग त्या सिलिंडरची कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सर. दोन्ही बाजूंना सारखेच पार्ट असतात, म्हणून कंडेन्सर अदलाबदल करून बघा. दोष पार्टबरोबर दुसरीकडे गेला तर चोर सापडला.

मामाचा वरचा सिलिंडर गरम झाल्यावर मेलेला निघाला. कंडेन्सर बदलून फरक नाही. कॉइलवर केसासारखा तडा होता.

बदलताना

फ्लायव्हील काढायला तीन बोल्टचा, मधल्या भोकांत बसणारा पुलर वापरा. कडेला आकडे अडकवून ओढू नका, शाफ्टवर हातोडा घालू नका. काढल्यावर आधी चावी बघा. ती अर्धवट कातरली असेल तर टायमिंग सरकलेलं असतं, मग नवीन कॉइल घालूनही उपयोग नाही.

प्लेटखालच्या वायरी हातानं चाचपा. थ्रॉटल वाढवला की ही प्लेट फिरते, वायरी वर्षानुवर्षं वाकतात, इन्सुलेशन फुटतं. ही बारीक गोष्ट सुटते.

कॉइल बसवताना तिच्या लोखंडी टाचा प्लेटवरच्या घासून केलेल्या उंचवट्यांच्या कडेशी सपाट आल्या पाहिजेत. बाहेर राहिल्या तर चुंबकाला घासतील, आत गेल्या तर ठिणगी कमजोर. प्लग वायर तांब्याच्या तारेची घ्या. गाडीची कार्बनवाली वायर कॉइलच्या खिळ्यावर नीट पकडत नाही.

पॉइंटची फट कॅमच्या सर्वांत उंच जागी मोजायची. जॉन्सन-इव्हिनरूडच्या त्या काळातल्या अनेक लहान इंजिनांना ती ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघाच. नवीन पॉइंटवरही तेलकट थर असतो, फट लावल्यावर स्वच्छ कोरा कागद मधून ओढून घ्या. फ्लायव्हील बसवताना शाफ्टचा उतार कोरडा ठेवा, ग्रीस नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. सैल राहिला की चावी कातरते.

पार्ट मिळतात का? इव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, पण त्यांची जुनी मॅग्नेटो अनेक मॉडेलना सारखीच होती, त्यामुळे इतर कंपन्या अजून कॉइल, पॉइंट, कंडेन्सर बनवतात. फ्लायव्हील उघडलंच आहे तर दोन्ही बाजूंचे बदला. आणि खाली पॉइंटच दिसले नाहीत, तर तुमचं इंजिन इलेक्ट्रॉनिक आहे. त्याला फटीचे आकडे लागू नाहीत, पण स्टॉप वायर आणि गरम असताना तपासणी, हे दोन्ही तितकंच लागू.

आम्ही दोन्ही कॉइल बदलल्या, पिंपात पाऊण तास चालवलं, मग दोन दिवस फक्त खाडीच्या आत, भरतीच्या वेळी. तिसऱ्या दिवशी मामा तोंडापर्यंत गेला आणि परत आला. वल्ही मात्र आजही होडीत असतात, आणि नांगराचा दोर आता नवा आहे.

तुमच्या इंजिनाची लक्षणं कळवा. फक्त ते थंड असताना काय करतं आणि गरम झाल्यावर काय, हे दोन्ही लिहा. भेटू पुढच्या भागात!