कंत्राटातले म्हातारपण

‘पेन्शन’ हा शब्द आपल्या वस्तीत रेल्वे, लष्कर आणि नगरपालिकेच्या कायम नोकरीबरोबर आला. जुन्या सरकारी पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम मिळे, वर महागाईभत्ता. आज सफाईचे काम बव्हंशी कंत्राटदाराकडे गेले आहे. झाडू त्याच हातात राहिला, कायमपण तेवढे गेले.

कंत्राटी कामगाराला लागू होते ती १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना, तीही कंत्राटदाराने फंड भरला तर. तिचा हिशेब असा: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. २०१४ साली पगाराची कमाल मर्यादा १५,००० ठरली. त्या पगारावर अकरा वर्षे राबलेल्याला महिना २,३५७ रुपये बसतात. म्हणजे रुपयातले सोळा आणेसुद्धा नव्हे, जेमतेम सोळा पैसे! महागाईभत्ता नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन ठरली ती हजार रुपये.

पण खरी मेख दहा वर्षांच्या अटीत आहे. त्याहून कमी नोकरीला मासिक पेन्शनच नाही. कंत्राट बदलले की कामगार फंडाबरोबर पेन्शनचीही रक्कम उचलतो. मुलीचे लग्न असते, सावकार दारात असतो. त्याला उधळ्या म्हणणाऱ्यांनी त्याच्या घरी महिनाभर राहून पाहावे. मात्र उचल झाली की ती वर्षे पुसली जातात. चार, चार आणि तीन अशी अकरा वर्षे भरली, आणि पहिल्या दोन्ही वेळा रक्कम उचलली, तर हिशेबात उरतात तीन.

अठ्ठावन्नाव्या वर्षी असा माणूस कामावरून सुटतो. राज्याच्या श्रावणबाळ योजनेला वय पासष्ट लागते. मधली सात वर्षे त्याने काय खावे? २०२३ साली या योजनेची रक्कम दीड हजार झाली, तेव्हा दारिद्र्यरेषेच्या यादीबाहेरच्यांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० होती. वरचे २,३५७ वर्षाला २८,२८४ होतात. म्हणजे ज्याने ती तुटपुंजी पेन्शन मिळवली, तो त्यापायी इथे अपात्र!

कायमपणाची लढाई लढलीच पाहिजे. तोवर वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी एवढे करावे: प्रत्येक कामगाराचे फंडाचे पासबुक काढून कंत्राटदाराने कोणते महिने भरले ते तपासावे, आणि काम सुटल्यावर फंड काढावा लागला तरी पेन्शनचा भाग न उचलता ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागायला लावावे. त्यात आधीची वर्षे जमा राहतात, आणि पुढच्या कंत्राटदाराकडची त्यांत मिळवता येतात.