तुमच्या आठवणीतला मारिओ खऱ्या मारिओपेक्षा हळू का वाजतो?

इन्स्टाग्रामवर ९० च्या दशकातल्या व्हिडिओ गेमची रील दिसली की अंगठा आपोआप थांबतो. निळं आकाश, विटांचे ठोकळे, लाल टोपीवाला मारिओ आणि ती ओळखीची धून. पण नीट ऐकलं की अनेकांना काहीतरी खटकतं. धून तीच आहे, मात्र जरा घाईत वाजतेय. कोणीतरी व्हिडिओ पळवलाय की काय, असं वाटतं.

व्हिडिओ कोणी पळवलेला नसतो. मूळ धून त्याच वेगाची आहे. आपण लहानपणी ऐकली ती हळू होती, आणि किती हळू होती याचा हिशोबही मांडता येतो.

त्यासाठी आधी ही धून आहे तरी काय, ते बघू. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आला. संगीत कोजी कोंदो यांचं. तेव्हा ते २४ वर्षांचे होते आणि निन्टेंडोत लागून जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांच्या हाताशी ना वाद्यवृंद होता, ना रेकॉर्डिंग. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. व्हॉट्सॅपवर येणारा 'सुप्रभात'चा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत चित्रं, नियम, सगळ्या लेव्हल आणि संगीत बसवायचं होतं.

मशीनच्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा होत्या. दोन 'पल्स', म्हणजे त्या टोकदार, पिपाणीसारख्या आवाजाच्या. एक 'ट्रँगल', गोलसर आवाजाची. तिच्यावर खर्ज वाजतो. एक नुसत्या खरखरीची, जिचे बारीक तुकडे करून 'छिक छिक' असा ठेका मिळतो. पाचवी वाट रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी होती, पण या गेमने ती वापरलीच नाही. म्हणजे दोन पिपाण्या, एक खर्ज आणि एक खुळखुळा. सगळं बिऱ्हाड एवढंच!

त्यातही भागीदारी होती. मारिओने उडी मारली की उडीचा आवाज एका पिपाणीवरूनच यायचा आणि तेवढा वेळ त्या पिपाणीवरचा संगीताचा सूर गप्प बसायचा. धून मात्र तुटल्यासारखी वाटायची नाही, कारण बाकीच्या वाटा चालूच असत.

आता चालीकडे. हार्मोनियमच्या क्लासला गेलेल्यांनी पांढरी एक, म्हणजे 'सी', हा षड्ज धरावा. धून षड्जावर सुरू होत नाही, गंधारावर होते. तोच गंधार अडखळल्यासारखा तीनदा येतो, मग सूर पंचमापर्यंत चढतो आणि तिथून धाडकन खालच्या सप्तकातल्या पंचमावर उतरतो. गंमत खालच्या साथीत आहे. वर गंधार चालू असताना दुसरी पिपाणी तीव्र मध्यम धरते आणि खर्ज रिषभावर असतो. त्यामुळे कानाला घर सापडत नाही. पुढे काहीतरी घडणार, असं वाटत राहतं. खेळ सुरू करायला याहून चांगली हाक कोणती?

पुढे एका तुकड्यात पंचमावरून उतरताना तीव्र मध्यम आणि शुद्ध मध्यम लागोपाठ येतात, मग कोमल गंधार आणि लगेच शुद्ध गंधार. दोन्ही मध्यम असे शेजारी शेजारी आपल्याकडे ललितसारख्या रागात भेटतात. अर्थात इथे रागाचा काही संबंध नाही, ही जॅझची घसरण आहे. पण हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकामागून एक दाबून बघा, घसरगुंडीवरून आल्यासारखंच वाटेल.

लयीचा एक डाव तर आपल्या तबलावाल्यांना लगेच कळेल. एका ठिकाणी दोन मात्रांच्या जागेत तीन सारखे स्वर बसवलेत. आपण ज्याला दीडपट किंवा आड म्हणतो, तेच. चालता चालता पाय क्षणभर हवेत राहावा, तसं ते ऐकू येतं. कोंदो यांनी आधी केलेली एक शांत चाल मारिओच्या धावण्या-उड्यांशी जुळेना, म्हणून ती बाजूला ठेवून ही केली. पाण्याखालच्या लेव्हलला तर त्यांनी सरळ तीन-तीन मात्रांचं वॉल्ट्झ दिलंय, कारण तिथे मारिओ धावत नाही, तरंगतो.

आणि ते टायमर १०० च्या खाली गेल्यावर छातीत धडधड सुरू करणारं संगीत? त्यात नवीन काहीच नाही. तीच धून, फक्त दीडपट वेगाने.

हा वेग मोजला जातो तो टीव्हीवरच्या चित्राने. टीव्ही दर सेकंदाला चित्र ठराविक वेळा नव्याने रंगवतो. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणू. या गेममधलं संगीत दर फ्रेमला एक पाऊल पुढे सरकतं. साध्या वेगात एक मात्रा १८ फ्रेमची असते आणि टायमर १०० च्या खाली गेला की १२ फ्रेमची.

जपान आणि अमेरिकेत टीव्हीची पद्धत एनटीएससी होती, सेकंदाला सुमारे ६० फ्रेम. हिशोब केला तर मिनिटाला २०० मात्रा होतात. भारतात दूरदर्शनपासून सगळं पाल पद्धतीचं, सेकंदाला ५० फ्रेम. त्याच १८ फ्रेम मोजायला इथे जास्त वेळ लागतो आणि मिनिटाला साधारण १६७ मात्राच होतात. धून एक षष्ठांशाने हळू.

निन्टेंडोचं अधिकृत मशीन आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं. घरोघरी पोचले ते त्याचे नकली भाऊ. मीडिया, लिटिल मास्टर ही नावं वाचूनच काही जणांच्या बोटांना खाज सुटेल. खोपटच्या चाळीतला टीव्ही असो की डोंबिवलीच्या वन रूम किचनमधला, मे महिन्याच्या सुट्टीत त्याला जोडलेला डबा या वंशातलाच. कॅसेट अडली की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. इथल्या पाल टीव्हीसाठी बनवलेले हे डबे ५० फ्रेमवर चालायचे.

मग तेव्हा कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण हळू फक्त संगीत नव्हतं. मारिओचं धावणं, कासवं, घड्याळ, सगळं एकाच प्रमाणात मंद होतं. गेममधलं घड्याळ २४ फ्रेमला एक आकडा कमी करतं. पहिल्या लेव्हलचे ४०० आकडे जपानी मुलाला १६० सेकंदात संपायचे, ठाण्यातल्या मुलाला १९२ सेकंद मिळायचे. आपल्याला ३२ सेकंद फुकटात! आणि तुलना करायला मूळ मशीन शेजारी नव्हतंच.

इथे एक शंका येते. टेप हळू फिरली की आवाज जाडा होतो, मग आपला मारिओ जाड्या आवाजात का नाही वाजला? कारण स्वराची उंची फ्रेमवर ठरत नाही, चिपच्या घड्याळावर ठरते. पाल टीव्हीसाठीच्या नकली चिपांचं घड्याळ मूळ चिपच्या अगदी जवळ ठेवलेलं असायचं, फरक जेमतेम एक टक्क्याचा. म्हणून पट्टी जवळपास तीच राहिली आणि फक्त लय उतरली. शिवाय यातल्या अनेक चिपांमध्ये पल्सच्या दोन आवाजांची अदलाबदल झालेली असे, त्यामुळे पिपाणीचा पोतही थोडा वेगळा लागायचा. म्हणजे आपण ऐकली ती वेगळी आवृत्तीच होती. चुकून झालेली, पण लाखो कानांत पक्की बसलेली.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही धून जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पण त्या यादीत आहे ती ६० फ्रेमवाली धून. आपली संथ धून कुठल्याच यादीत नाही. ती वाजवणारे डबे आणि जाडजूड टीव्ही बहुतेक घरांतून कधीच भंगारवाल्याकडे गेलेत, आणि नकली मालाची नोंद ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

ती परत ऐकायची सोय मात्र फोनवरच आहे. यूट्यूबवर मूळ धून लावा, प्लेबॅक स्पीडमध्ये कस्टम निवडून ०.८५ करा. अचूक आकडा ०.८३ आहे, पण एवढा फरक कानाला जाणवणार नाही. यूट्यूब वेग कमी करताना स्वराची पट्टी बदलत नाही, आणि त्या डब्यांमध्येही जवळपास हेच होत होतं. एमुलेटर वापरत असाल तर काहींमध्ये 'डेंडी' नावाचा पर्याय असतो. हा रशियात खपलेला याच कुळातला डबा, तोही ५० फ्रेमचा. तो निवडला की संगीताबरोबर मारिओसुद्धा जुन्या चालीने धावायला लागतो, आणि पहिल्या लेव्हलला ते ३२ सेकंदही परत मिळतात.