आडनाव आणि घराण्याचा माग

उटनुरात शाळामास्तराचे काम करणाऱ्यास मुलाचे नाव दाखल करणे हे किरकोळ काम वाटत नाही. मराठी रीतीने आधी मुलाचे नाव, मग बापाचे, शेवटी आडनाव. तेलुगू रीतीने घरनाव आरंभी, आणि तेही पुष्कळदा एका अक्षरापुरतेच. त्यामुळे एक भाऊ येथे शिकला व दुसरा किनवटास मामाकडे शिकला, तर कागदावर दोघे परके ठरतात. मागे आमच्या एका गोंड विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्यास हीच अडचण आली. त्याचे आडनाव येथे ‘मेस्राम’, तर किनवटकडील सख्ख्या चुलत्याचे ‘मेश्राम’. कारकुनाने विचारले, “हे घराणे एकच कशावरून?” प्रश्न रागाचा नव्हता, रास्त होता.

किनवट व राजुरा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या दिवशी ते मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. घरे तीच, पण लिहिणाऱ्यांची लिपी बदलली. त्यापूर्वीचे निजामशाहीतील दप्तर उर्दूत. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि घाईच्या शिकस्ता लेखनात ‘श’चे तीन नुक्तेही गळतात, तेव्हा जुन्या कागदावरून श की स, हा वाद सुटणे नाही. साल फसली असते. त्यात ५९० मिळवावे, म्हणजे अदमासे इसवी सन निघतो. फसली १३४० म्हणजे १९३०-३१.

आम्ही मग आडनाव सोडून आजोबांच्या नावाच्या मागे लागलो. १९५४-५५ च्या खासरा पहाणीत जमीनधारकाचे व त्याच्या बापाचे नाव असते, आणि ती झाली तेव्हा दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. दोन्ही गावांच्या नकलांत बापाचे नाव एकच निघाले. दाखला मिळाला, पण शाळेचे एक वर्ष उलटून गेले होते.

गोंडांस स्वतःला अशा कागदाची गरज कधी पडली नाही. आडनावावरून कूळ, कुळावरून देवांची संख्या. मेस्राम सात देवांचे. एका संख्येच्या देवांत सोयरीक होत नाही. कुळाची कथा परधान किकरीवर गातो. गंमत अशी की, आपल्याकडील परधानाची घरची बोली मराठी, आणि गाणे मात्र गोंडीत. पुष्य अमावास्येस केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेस्राम कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घालून देतात. त्या भेटीनंतरच सून कुळात मोजली जाते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तेच काम लेखणीने करतात.

मराठी आडनावाने मात्र पुष्कळ जण फसतात. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही हुद्द्यांची नावे. दोन कुलकर्णी नात्याचे असतीलच असे नाही. ‘कर’ लावणारा बहुधा मूळ गाव सोडल्यावरच त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. दूर कॅनडातील फ्रेंच वस्तीतही असाच घोळ आहे. तेथे १६६५ साली आलेल्या पलटणीतील शिपायांना टोपणनावे असत, कोणी ‘लाफ्लर’ म्हणजे फूल, तर कोणी ‘सांसुसी’ म्हणजे बेफिकीर. ती नावे आपल्या ‘ऊर्फ’प्रमाणे आडनावास जोडली जात. पुढे एका भावाच्या वंशाने मूळ नाव ठेवले, दुसऱ्याच्या वंशाने टोपणनाव. तांग्ये नावाच्या पाद्र्याने चर्चच्या नोंदी धुंडाळून १८७१ ते १८९० या काळात घराण्यांच्या वंशावळीचे सात खंड काढले, तेव्हा असे भाऊबंद जुळले. त्या जुन्या नोंदींत बाईचे माहेरचे नावही असते, त्यामुळे तिचा माग तुटत नाही.

आपल्याकडे तो हटकून तुटतो. माझ्याच घरी आजोबा एका कागदावर शेख, दुसऱ्यावर पटेल, कारण गावची पाटीलकी. दोन्ही खरे. बापजाद्यांची नावे पाच पिढ्या तोंडपाठ, पण आजीचा बाप कोण, हे कोणी सांगेना. निकाहनाम्यात वधूच्या बापाचे नाव लिहितात, हे मला फार उशिरा सुचले. पेटीच्या तळाशी तो कागद होता, घडीवर फाटलेला. नाव सुदैवाने घडीच्या अलीकडे होते.