अमेरिकन शाळा कशासाठी चालते?

अमेरिकेत स्थायिक झालेले आपल्या ओळखीतले एखादे मराठी कुटुंब घर विकत घ्यायला निघाले, की एक गोष्ट हटकून कानावर येते. घरात खोल्या किती, यापेक्षा त्या घराला शाळा कोणती लागते याची चौकशी ते आधी करतात. तेथील सरकारी शाळेत फी नसते. मग घराचा आणि शाळेचा एवढा संबंध का असावा? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर त्या व्यवस्थेचे हेतू आणि तिच्या उणिवा दोन्ही उलगडतात.

एका शाळेचे तीन हेतू

होरेस मान हे १८३७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव झाले. त्यांचे म्हणणे असे की, ज्या देशात सामान्य माणूस मत देऊन सरकार निवडतो, तेथे तो शिकलेला असणे ही साऱ्या समाजाची गरज आहे. म्हणून शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे मूल एकाच शाळेत शिकावे व तिचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा. १८५२ साली याच राज्याने शाळेत जाणे सक्तीचे केले. १९१८ साली मिसिसिपीने तसा कायदा केला, तेव्हा सर्व राज्ये या यादीत आली. जाणता नागरिक घडवणे, हा झाला पहिला हेतू.

पुढे कारखाने वाढले, परदेशांतून लोकांचे लोंढे आले, आणि कुशल कामगार तयार करणे हा दुसरा हेतू आला. या दोन हेतूंमधील ओढाताण लवकरच दिसू लागली. १८९२ साली हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दहा जणांच्या समितीने सांगितले की, माध्यमिक शाळेत शिकवला जाणारा विषय सर्वांना सारखाच शिकवावा, मग विद्यार्थी पुढे महाविद्यालयात जावो वा न जावो. १९१८ च्या दुसऱ्या एका अहवालाने मात्र आरोग्य, मूलभूत कौशल्ये, घरगुती जीवन, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग आणि नीती अशी सात उद्दिष्टे मांडली आणि मुलांच्या गरजेप्रमाणे वेगवेगळे अभ्यासक्रम असावेत असे म्हटले. एकाच इमारतीत कोणी बीजगणित शिकणार, कोणी सुतारकाम, कोणी टंकलेखन. कोणते मूल कोणत्या रांगेत बसणार, हे ठरवताना त्याच्या बुद्धीइतकीच त्याच्या घरची परिस्थितीही काम करू लागली.

तिसरा हेतू पालकांच्या मनातला. माझ्या मुलाने चार पायऱ्या वर जावे! शाळेचे प्रमाणपत्र हे चांगल्या महाविद्यालयाचे आणि पुढे चांगल्या नोकरीचे तिकीट ठरले. शिक्षणाचे इतिहासकार डेव्हिड लाबारी यांनी १९९७ साली हेच तीन हेतू मांडून दाखवले आणि तिसऱ्याने पहिल्याला कसे मागे सारले याकडे लक्ष वेधले.

पहिल्या हेतूचा पाठपुरावा करणारा मोठा विचारवंत म्हणजे जॉन ड्यूई. शाळा हेच लोकशाहीचे छोटे रूप असावे, असे ते मानत. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकताना डॉ. आंबेडकरांना ड्यूईंचे अध्यापन लाभले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

पैसा कोठून येतो?

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. शिक्षण हा राज्यांचा विषय. राज्यांनी तो मुख्यत्वे स्थानिक शाळा-जिल्ह्यांवर सोपवला आहे. असे सुमारे १३ हजार जिल्हे आहेत. स्थूलमानाने पाहता, खर्चाचा दहावा हिस्सा केंद्राकडून येतो आणि उरलेला राज्य व स्थानिक करांतून जवळपास निम्मा-निम्मा. स्थानिक करातला सर्वांत मोठा भाग घरे-जमिनींवरील मालमत्ता कराचा असतो.

यातला अन्याय समजण्यासाठी एक सोपे गणित करू. दोन गावे घ्या, दोन्हींत शंभर-शंभर मुले. एका गावातली मालमत्ता ५० लाखांची, दुसऱ्यातली ४ कोटींची. दोघांनी १ टक्का कर लावला, तर पहिल्या गावाला दर मुलामागे ५०० मिळतील, दुसऱ्याला ४०००. बरोबरी साधायची तर गरीब गावाला ८ टक्के कर लावावा लागेल.

हे गणित काल्पनिक, पण टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात नेमके असेच घडत होते. १९६७-६८ साली तेथील एजवूड या गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या वस्तीच्या जिल्ह्यात मालमत्ता कराचा दर शंभर डॉलरला १.०५ होता. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये तो ०.८५ होता. राज्याच्या योजनेतला ठरलेला वाटा दिल्यावर एजवूडच्या हाती दर विद्यार्थ्यामागे उरले २६ डॉलर, तर अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्य व केंद्राची मदत धरूनही हे आकडे अनुक्रमे ३५६ आणि ५९४ डॉलर होते. ज्यांनी जास्त दराने कर भरला, त्यांच्याच मुलांवर कमी खर्च झाला.

एजवूडच्या पालकांनी दाद मागितली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. केंद्राच्या घटनेनुसार शिक्षण हा मूलभूत हक्क ठरत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. पुढे १९८९ साली टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या घटनेचा आधार घेऊन एजवूडच्या बाजूने कौल दिला, आणि १९९३ च्या कायद्याने श्रीमंत जिल्ह्यांचा काही पैसा गरीब जिल्ह्यांकडे वळवला. इतरही अनेक राज्यांनी अशी भरपाई सुरू केली. पण न्याय मिळणार की नाही, हे मूल कोणत्या राज्यात जन्मले यावर अवलंबून राहिले.

मोजमापाचा मोह

विषमता दूर करण्याचा दुसरा उपाय म्हणून परीक्षा आली. २००२ च्या केंद्रीय कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणित यांची दरवर्षी चाचणी सक्तीची केली. २०१४ पर्यंत सर्व मुले ठरलेल्या पातळीला पोहोचली पाहिजेत, आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाई होईल असे ठरले. यामागचा हेतू चांगलाच होता. गरीब मुलांचे अपयश सरासरीखाली झाकले जाऊ नये, यासाठी प्रत्येक गटाचे निकाल वेगळे दाखवावे लागत.

पण आम्हा विज्ञानाच्या लोकांना एक अनुभव नेहमीचा आहे. थोड्याशा गरम पाण्यात मोठा तापमापक बुडवला, तर तो स्वतःच उष्णता शोषून घेतो आणि मोजायची गोष्टच बदलून टाकतो. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच बजावले होते की, एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवावेत, तितका तो आकडा भ्रष्ट होतो. तसेच झाले. अनेक शाळांत इतिहास, विज्ञान, चित्रकला यांचे तास आक्रसले. २०११ साली अटलांटा शहरातील चौकशीत शिक्षक व मुख्याध्यापक मिळून १७८ जणांवर उत्तरपत्रिकांतील गैरप्रकाराचा ठपका आला. २०१४ उजाडले, उद्दिष्ट दूरच राहिले, आणि २०१५ साली तो कायदा बदलला. चाचण्या राहिल्या, कारवाईचे अधिकार बरेचसे राज्यांकडे गेले.

आता सुरुवातीच्या कुटुंबाकडे परत येऊ. चांगल्या शाळेसाठी महाग घर घेणारे पालक काही गुन्हा करत नाहीत. आपल्या मुलाचे हित पाहणे स्वाभाविकच आहे. पण सर्वांनी तसे केले की चांगल्या शाळेभोवतीची घरे आणखी महागतात, तेथील कर आणखी वाढतो आणि उरलेली शाळा आणखी मागे पडते. नागरिक घडवणारी शाळा जितक्यांना मिळेल तितकी तिची किंमत वाढते. तिकीट म्हणून पाहिलेल्या शाळेचे उलट आहे. ते इतरांपाशी नसेल, तरच त्याला मोल! एकाच इमारतीकडून या दोन्ही अपेक्षा ठेवल्या, हे अमेरिकन शाळेच्या दुखण्याचे मूळ आहे. पैशांची वाटणी सुधारता येईल, परीक्षाही बदलता येतील. पण शाळा कोणासाठी, हा होरेस मान यांचा प्रश्न तेथे प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागणार आहे.