बंद झालेली गाडी : ठेवा की खर्च?

उत्पादन बंद झालेली वेगवान गाडी घेऊन ठेवली तर तिची किंमत सोन्यासारखी वाढते का?

इंग्लंडमध्ये १९९२ ते १९९८ या काळात 'मॅकलॅरन एफ-१' मोटारी फक्त १०६ बनल्या. त्यांतील एक २०२१ साली अमेरिकेतील लिलावात दोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेली. आपल्याकडे १९८३ साली आलेली 'राजदूत ३५०' मोटारसायकल पेट्रोल फार पिते म्हणून खपली नाही व काही वर्षांतच बंद झाली. आज शौकीन तिला शोधत फिरतात. मारुती ८०० देखील २०१४ साली बंद झाली, पण ती लाखोंनी बनली होती. म्हणजे नुसते बंद होणे पुरेसे नाही. संख्या कमी, कीर्ती मोठी आणि मूळ भाग शाबूत हवेत.

शिवाय जागा, विमा, न मिळणारे सुटे भाग आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण हा खर्च चालूच राहतो. आपल्या चौमहल्ला राजवाड्यातील निजामाची पिवळी रोल्स-रॉइसही अनेक वर्षे पडून होती. दुरुस्तीनंतरच तिला पूर्वीची शोभा आली. ती सर्वांनी जरूर पाहावी.

पालकांनी मात्र मुलांच्या शिक्षणासाठी राखलेला पैसा अशा गाडीत घालू नये, असे आम्हांस वाटते. गाडी आवडीने घ्यावी, नफ्याच्या आशेने नव्हे.