ब्लॅक पँथरांचा दवाखाना आणि आपला सिकलसेल



ब्लॅक पँथर म्हटलं की काळी जॅकेटं, तिरप्या टोप्या आणि बंदुका एवढंच डोळ्यांपुढे येतं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव तिथूनच घेतलं. पण आज मला बोलायचंय ते त्या अमेरिकन पँथरांच्या दवाखान्यांबद्दल.

संघटना १९६६ची, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरातली. १९६९च्या जानेवारीत त्यांनी एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली. १९७०मध्ये बॉबी सील यांनी प्रत्येक शाखेला मोफत दवाखाना काढायला सांगितलं. डॉक्टर, नर्स स्वेच्छेने यायचे, आणि वस्तीतलीच माणसं त्यांच्या हाताखाली काम शिकायची.

मग १९७१मध्ये त्यांनी सिकलसेल हाती घेतला. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. शिकागोच्या एका डॉक्टरने १९१०मध्येच त्याची नोंद केली होती. पुढची साठ वर्षं त्यावर फारसा पैसा खर्च झाला नाही. पँथरांचं म्हणणं सरळ होतं: रोगी काळे आहेत म्हणून. मलाही यात अतिशयोक्ती वाटत नाही. अमेरिकेतल्या काळ्या समाजात साधारण बारा-तेरा जणांमागे एक वाहक असतो, आणि बहुतेकांनी आजाराचं नावही ऐकलेलं नव्हतं.

कार्यकर्ते दारोदार गेले, बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि समजावून सांगितलं. मार्च १९७२मध्ये ऑकलंडच्या सभेत किराण्याच्या पिशव्या वाटल्या, तिथेच तपासणीही केली. त्याच वर्षी मे महिन्यात अध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेलच्या कायद्यावर सही केली. श्रेय एकट्या पँथरांचं नाही, पण विषय वस्तीतून वर गेला हे खरं.

आता यातली काळी बाजू. काही राज्यांनी घाईघाईने तपासणी सक्तीची केली आणि समजावणं मात्र राहून गेलं. वाहक म्हणजे रोगी, असा समज पसरला. कुणाची नोकरी गेली, कुणाचा विमा महागला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे तर वाहकांना १९८१पर्यंत बंद होते. वस्तीत जी तपासणी आधार होती, तीच कचेरीत गेल्यावर शिक्का झाली.

हे मी आज का सांगतोय? तुम्ही रायपूर, बडोदा, इंदूर, नागपूर कुठूनही ऐकत असाल, सिकलसेल तुमच्या जवळपास आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट इथल्या आदिवासींत आहे, विदर्भातल्या दलित वस्त्यांतही आहे. कारण वर्ण नव्हे, मलेरिया: वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून जिथे मलेरिया होता तिथे हा गुण टिकला. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशात शहडोल इथे केंद्राने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. लग्नाआधी पत्रिकेसारखं कार्ड जुळवा, असंही सांगितलं जातं. सल्ला चांगला, पण नीट समजावलं नाही तर धाकट्या बहिणीचंही लग्न अडतं. आणि दोष नेहमी मुलीकडेच!

म्हणून हिशेब लक्षात ठेवा. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. जोडीदारांपैकी एकच वाहक असेल, तर मुलाला सिकलसेल आजार होत नाही (दुसऱ्याला थॅलेसेमियासारखा दोष नसेल तर). दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के.

शिबिरातली झटपट सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रोगी यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. कागद हातात पडला की तिथल्या ताईंना आधी हेच विचारा: पुढची चाचणी झाली का, आणि मी वाहक की ग्रस्त?