स्वतंत्रपूरची गोष्ट आणि गदिमा

‘मराठी शिकून आम्हांस काय मिळणार?’ हा प्रश्न येथे जन्मलेली मुले आपल्या आजी-आजोबांना विचारतात, आम्हां शिक्षकांनाही विचारतात. त्यास उपदेशाने उत्तर देऊ नये, गोष्टीने द्यावे, असा आमचा अनुभव आहे. आज वाचकांपुढे ठेवतो ती गोष्ट आहे कवी, कादंबरीकार व पटकथाकार गजानन दिगंबर माडगूळकर, अर्थात सर्वांचे लाडके ‘गदिमा’, यांची.

१ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे त्यांचा जन्म झाला. माडगूळ हे त्यांचे गाव माणदेशातले; पाऊस कमी, माळरान अधिक. घरी गरिबी. आटपाडी, कुंडल व औंध येथे शिक्षण झाले खरे, पण गणिताने दगा दिला आणि मॅट्रिकची परीक्षा हुकली. ज्याची पुढे पाठ्यपुस्तकांत कविता आली, तो विद्यार्थी परीक्षेच्या कागदावर नापास ठरला होता! आम्ही शिक्षकांनी हे विसरू नये.

पोटासाठी ते चित्रपटसृष्टीत शिरले. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. वि. स. खांडेकरांच्या सहवासात लेखणी घडली. ‘रामजोशी’ने (१९४७) त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. ‘पेडगावचे शहाणे’, ‘लाखाची गोष्ट’, ‘जगाच्या पाठीवर’ अशी चित्रपटांची रांगच पुढे लागली. ‘आकाशाची फळे’ या त्यांच्या कादंबरीवरून ‘प्रपंच’ (१९६१) निघाला. मोराला नाचावयास बोलावणारे ‘देवबाप्पा’मधील (१९५३) बालगीत तर मुंबईहून येथे आलेल्या कित्येक मातांनी पाळण्याशी गायिले असेल.

१९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके यांचे. आठवड्यास एक, याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. त्यांच्या मुळाशी कीर्तनाचीच परंपरा आहे: कथा जुनी, भाषा सोपी, आणि ऐकणारा अगदी साधा माणूस. ही रीत आपणांस परकी नाही. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या वाडवडिलांनीही पवित्र शास्त्रातील कथांवर मराठी कीर्तने रचून ती घराघरांत पोहोचविली होती.

परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, ती वेगळीच आहे.

मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सा येथे जन्मलेले ज्यू अभियंता. १९३० च्या दशकात ते बंगळूरच्या विद्युत कारखान्यात आले व पुढे गांधीजींच्या विचारांकडे ओढले गेले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १९३९ मध्ये औंधच्या राजाने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला, त्यामागे फ्रीडमन यांचीही प्रेरणा होती. त्याच काळात आटपाडीजवळ एक धाडसी प्रयोग सुरू झाला. खुनासारख्या गुन्ह्यांतील कैद्यांना भिंतींबाहेर काढून, बेड्यांवाचून, शेतीवर ठेवावयाचे! या वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. माणसावर विश्वास टाकला तर तो त्या विश्वासास जागतो, एवढाच या प्रयोगाचा आधार होता.

हा प्रयोग गदिमांच्या स्वतःच्या मुलखातला. त्यातून त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) कथा लिहिली. व्ही. शांताराम यांनी ती पडद्यावर आणली व जेलरची भूमिकाही स्वतःच केली. सहा खुनी कैद्यांचे बारा हात, आणि त्यांच्यावर विश्वासाने खिळलेले जेलरचे दोन डोळे! १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटास रौप्य अस्वल मिळाले. हिटलरची राजधानी असलेल्या त्या शहरात, एका ज्यूच्या विश्वासातून उगवलेली ही मराठी मुलखातील गोष्ट गौरविली जावी, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

पुढे गदिमांना मान पुष्कळ मिळाले. ते विधान परिषदेचे सदस्य झाले. १९६९ मध्ये पद्मश्री, १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

स्वतंत्रपूरचा प्रयोग कदाचित संस्थानी दप्तरातच पडून राहिला असता. एका कवीने त्याची गोष्ट केली, म्हणून तो जगापुढे गेला. आपल्या समाजाच्याही कितीतरी गोष्टी आज वृद्धांच्या मुखी मराठीतच आहेत, आणि त्या वृद्धांची संख्या दरवर्षी घटते आहे. तेव्हा येत्या शब्बाथला जेवणानंतर नातवंडांना जवळ बसवून एक तरी गोष्ट मराठीत सांगावी. ‘मराठी शिकून काय मिळणार?’ या प्रश्नाचे उत्तर तेथूनच सुरू होईल, अशी आमची श्रद्धा आहे.